लाइट गेली की आमचं शूटिंग

गेल्या वर्षी बेळगावात एका कार्यक्रमात आमच्याच धंद्यातल्या एका फर्मचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. निवेदकानं माइकवरून सांगितलं की ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहकाच्या तोंडचे व्हिडिओ, ज्याला आता सगळे यूजीसी (युजर-जनरेटेड कंटेंट) म्हणतात, ते या शहरात यांनीच पहिल्यांदा आणले. मी तिसऱ्या रांगेत होतो. मांडव दुसऱ्याचा, उठून काही बोललो नाही. घरी आल्यावर जुनी हार्डडिस्क काढली आणि २०२० च्या दिवाळीआधीची एक फाइल बायकोबरोबर पुन्हा बघितली. ५२ सेकंदांची आहे. तिची हकीकत कुठंतरी लिहिलेली असावी म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा स्टुडिओ बेळगावच्या शहापुरातला, १९९६ पासूनचा. लग्नाचं शूटिंग हाच धंदा. पॅनासॉनिकचा एम ९००० कॅमेरा खांद्यावर, मागं सनगन धरलेला पोरगा, त्याच्या मागं वायर सांभाळणारा दुसरा. त्या हॅलोजनच्या उजेडात नवरीच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळायचं आणि मुलीकडच्या बायका आमच्यावर चिडायच्या. पुढं सोनीचा पीडी १७० घेतला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, इतकं कर्ज त्याच्यावर होतं. मिक्सिंगला मी स्वतः बसायचो. कुणाचा मामा कुठं उभा आहे, कुठल्या आत्याचा चेहरा दोनदा यायलाच पाहिजे, हे मला पाठ असायचं. मधली वीसेक वर्षं अशी गेली. पोरांची शिक्षणं झाली, वरचा मजला बांधून झाला. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. डायरीत एकवीस लग्नं लिहिलेली होती, एकवीसही गेली. पुढं ५० माणसांत लग्नाला परवानगी मिळाली, पण ५० माणसांच्या लग्नात व्हिडिओवाल्याला कोण मोजतो? भाऊजी मोबाइलवर काढायचे आणि काम भागायचं. मी ॲडव्हान्स परत देत राहिलो.

त्या काळात इथल्याच वडगावच्या अक्का आल्या. घरी दोन पॉवरलूम, यजमान विणणारे, अक्का विकणाऱ्या. बाजार बंद पडला तेव्हा मुलीनं त्यांना इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं होतं. ‘साड्यांचे फोटो काढून द्या दादा, पैसे दिवाळीला देते,’ म्हणाल्या. मी दिले काढून. सॉफ्टबॉक्स लावले, रंग थोडा उचलला, पदर फुलासारखा मांडला. फोटो सुंदर होते, आजही मी त्यांना नावं ठेवणार नाही. ऑर्डरी आल्या. आणि दहातली तीन पार्सलं परत आली. ‘फोटोत वेगळी, हातात वेगळी.’ सीओडीचं, म्हणजे हातात आल्यावर पैसे द्यायचं, पार्सल परत येतं तेव्हा जाण्याचा खर्चही आपला, येण्याचाही आपला, आणि घडी मोडलेली साडी पुन्हा नवी म्हणून पाठवता येत नाही. याला धंद्यात आरटीओ म्हणतात, ‘रिटर्न टू ओरिजिन’, त्याची झळ हा धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

एक दिवस अक्का मोबाइल घेऊनच स्टुडिओत आल्या. निपाणीच्या एका शिक्षिकेनं साडी मिळाल्यावर त्यांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता. खिडकीशी उभ्या राहून बाई पदर उलटा करून दाखवताहेत, मागं मुलगी मोबाइल धरून हसतेय, कुकरची शिट्टी वाजतेय. आणि बाई म्हणतात, ‘रंग फोटोपेक्षा गडद आहे हं, पण मला हाच आवडला.’ अक्कांनी तो व्हिडिओ विचारपूस करणाऱ्या पाच-सहा जणींना पाठवला होता.

‘दादा, तुमच्या फोटोपेक्षा ह्या बाईंनी जास्त साड्या विकल्या की वो.’

मला लागलं. चोवीस वर्षं कॅमेरा धरलेल्या माणसाला हे ऐकवणं सोपं नाही, आणि अक्का सरळ तोंडावर बोलणाऱ्या. पण रात्री तो व्हिडिओ मी दहा-बारा वेळा बघितला. माझ्या फोटोत साडी होती. त्या व्हिडिओत साडी नेसलेली बाई होती, तिची शंका होती आणि शंकेचं उत्तरही होतं.

शिक्षिकाबाईंना फोन करून परवानगी घेतली, व्हिडिओ मिक्सिंगला घेतला. पहिली वीस सेकंदं पिशवी फोडण्यात जात होती, ती काढली. ‘रंग गडद आहे’ हे वाक्यही काढलं. जाहिरातीत कोण असं ठेवतं? अक्कांनी बघितलं आणि म्हणाल्या, ते वाक्य परत घाला, परत येणारी पार्सलं त्याच वाक्यानं थांबतील. घातलं. ५२ सेकंदं झाली. रोजचे दोनशे रुपये असे पाच दिवस जाहिरात चालवली. साड्या किती गेल्या ते अक्कांच्या वहीत आहे. मला एवढंच आठवतंय की त्या खेपेला एकच पार्सल परत आलं, तेही पत्ता चुकल्यामुळं.

त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली होती आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले होते. उभा व्हिडिओ बघायची सवय लोकांना लागलेली होतीच, दुकान फक्त बदललं. आम्ही त्याच सुमारास सुरुवात केली हे नशीब म्हणा. पण या शहरात पहिली सुरुवात आमची, हे मी लिहून ठेवतो.

हत्यारं बदलली. पाच लाखांचा सेट कपाटात गेला आणि हातात आला मोबाइल, बोयाचा कॉलर माइक (सहा मीटरची वायर, माणूस चुलीपासून दारापर्यंत मोकळा फिरतो) आणि थर्माकोलची शीट. थर्माकोलला मी आजही मानतो. खिडकी एका बाजूला, शीट दुसऱ्या बाजूला, चेहऱ्यावरची सावली उतरते आणि कापडाचा रंग खरा राहतो. ट्यूबलाइट बंद करायची, नाहीतर दिवसाचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळून मोरपंखी साडी राखाडी दिसते. लेन्स पुसायची, दर वेळी पुसायची. स्वयंपाकघरातल्या मोबाइलच्या लेन्सवर तेल असतंच. एक्सपोजर लॉक करायचं, म्हणजे उजेड मध्येच कमी-जास्त होत नाही. फ्रेमचा खालचा भाग रिकामा सोडायचा, तिथं नाव आणि बटण येतं, आणि नवशिके नेमकी तिथंच साडीची किनार दाखवतात.

वडगावात वेगळीच अडचण. माग चालू असले की खटखट अशी की कॉलर माइकलाही शब्द सापडत नाही. म्हणून आम्ही लाइट जायची वाट बघायचो. लाइट गेली की सगळी गल्ली शिव्या द्यायची आणि मी अक्कांच्या माडीवर धावायचो. खिडकीतला उजेड तर असायचाच, आणि वरून शांतता मिळायची. तिथले आमचे चांगले व्हिडिओ त्या अर्ध्या-पाऊण तासांतले आहेत.

सीमेवर राहण्याचा फायदा आम्हाला इथं झाला. एकच बाई, तीच साडी, आधी मराठीत बोलायची, मग पाणी पिऊन कन्नडमध्ये. कन्नडमध्ये ‘चलो ऐती’, म्हणजे ‘छान आहे’, म्हणताना तिचा हात जसा हलतो तसा भाषांतर वाचणाऱ्याचा हलत नाही. कन्नडचा व्हिडिओ बागलकोट, धारवाडकडं, मराठीचा कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडं. ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामची जाहिरात जिथून लावतात तिथं, भाषेवर माणूस निवडू नका, इथल्या कितीतरी जणांच्या मोबाइलची भाषा इंग्रजीच असते. गाव निवडा. आणि बोलणारीला पुण्याचं मराठी शिकवू नका. ती ‘होय की’ म्हणत असेल तर ‘होय की’च राहू दे.

पुढचं दीड वर्ष बरं गेलं. खानापूरची मातीची भांडी, गोकाकचं करदंट (तिथली मिठाई), चपला, मसाले. दोन पोरं पगारावर ठेवली.

मग ती सत्कारवाली फर्म आली. मोठ्या शहरातून आलेली, टिळकवाडीत काचेचं ऑफिस. मी एका व्हिडिओचे बाराशे घ्यायचो, त्यांनी साडेतीनशे लावले, आणि तेही महिन्याला वीस व्हिडिओंच्या पॅकेजमध्ये. कसं परवडतं ते दोन महिन्यांत कळलं. चार मुली, एक स्वयंपाकघर, पडदे बदलायचे. तीच मुलगी सोमवारी एका पापडाला ‘आमच्या घरी हाच लागतो’ म्हणायची आणि गुरुवारी दुसऱ्या पापडाला. मी आमच्या गिऱ्हाइकांना हे दाखवलं. मसालेवाले म्हणाले, ‘लोकांना काय कळतंय?’ आणि गेले. करदंटवाले गेले. माझी दोन्ही पोरं तिकडं गेली, जाताना गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन. त्यांतल्या एकाला मी सनगन धरण्यापासून शिकवलं होतं, त्याच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग फुकट केलं होतं. रस्त्यात भेटला की तो आता दुसऱ्या बाजूनं जातो.

इथं माझी चूक लिहिली नाही तर बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. हातात काम उरलं नव्हतं. केसांच्या तेलाचं एक काम आलं, उद्या पाहिजे, सहाशे रुपयांत. खरा ग्राहक शोधायला वेळ नव्हता. मी भाचीला बसवलं. ‘सहा महिने वापरतेय, केस गळायचे थांबले,’ असं तिच्याकडून बोलवून घेतलं. बाटली त्याच सकाळी आली होती. फोकस मी नेहमीसारखा नेमका लावला, इतका नेमका की लेबलवरचा उत्पादनाचा महिना स्पष्ट वाचता येत होता. मागचाच महिना. जाहिरात सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो भाग थांबवून फोटो काढला आणि खाली कमेंटमध्ये टाकला. मग ओळ लागली. तेलवाल्यांनी जाहिरात बंद केली, पैसे दिले नाहीत. त्याचं काही नाही. पण भाचीला महिनाभर अनोळखी लोकांचे घाणेरडे मेसेज येत होते. तेव्हापासून ती घरच्या फोटोतही कडेला उभी राहते. त्या फर्मचा दर साडेतीनशे होता हे खरं, पण भाचीला स्टुलावर मी बसवलं.

त्यानंतरचे सहा महिने भाडं थकलं. पीडी १७० कधीच मोडीत गेला होता, आता कॅननची बॉडी आणि दोन लेन्स विकल्या. बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. शटरवर ‘देणे आहे’चा बोर्ड रंगवायला टाकला होता. हे ऐकून अक्का आल्या, भिशीचे चाळीस हजार टेबलावर ठेवले. म्हणाल्या, वर्षाचे व्हिडिओ आत्ताच लिहून घ्या, पण एकही बाई खोटी नको. पावती घ्यायलाही थांबल्या नाहीत. बोर्डवाल्याला मी अर्धे पैसे देऊन काम थांबवलं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी, मराठी-कन्नड दोन्हीत. तीनच प्रश्न: घेताना मनात काय शंका होती? हातात आल्यावर काय वाटलं? महिन्यानं काय सांगाल? संवाद लिहून द्यायचा नाही. व्हिडिओ पाठवला की आम्ही फोन करतो, कुठं आणि किती महिने वापरणार ते कागदावर घेतो, मोबदला देतो. आणि मोबदला दिला की जाहिरात म्हणून लिहितो, मग पैसे असोत नाहीतर फुकट साडी. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. २० जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही तेच सोप्या भाषेत सांगितलं. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. छोट्या दुकानदारांना वाटतं हे मोठ्यांसाठी आहे. कायदा दुकानाचा आकार विचारत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

अजून एक, कुणी विचारलेलं नसलं तरी. पहिली तीन सेकंदं म्हणजे किंचाळणं नव्हे. हुक, म्हणजे थांबवणारी सुरुवात, चांगला लागला म्हणून खुश होणारे खूप बघितले. लोक थांबतात, बघतात आणि जातात. शंकेनं सुरुवात करा. ‘धुतल्यावर रंग जाईल असं वाटलं होतं’ या वाक्यावर साडी घेणारी प्रत्येक बाई थांबते. अक्षरं खाली लिहा, कितीतरी लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. आणि चांगला चाललेला व्हिडिओही थकतो. तीच माणसं तो पुन्हा पुन्हा बघतात, खर्च वाढतो. तेव्हा बजेट वाढवू नका, दुसरी बाई आणा.

मसालेवाले मागच्या उन्हाळ्यात परत आले. करदंटवाले आले नाहीत. ती फर्म चालूच आहे, काच आता मोठी आहे, आणि सत्काराचा फोटो त्यांनी दारात लावलाय. पाटल्या मात्र आम्ही सोडवून आणल्या.

अक्कांकडं आता चार माग आहेत. ते भिशीचे पैसे वर्षात फिटले, तरी दर दिवाळीला पुढच्या वर्षाचे व्हिडिओ त्या आधीच लिहून देतात. त्या ५२ सेकंदांच्या फाइलच्या मी तीन कॉपी केल्या आहेत. एक स्टुडिओत, एक घरी, आणि एक वडगावात अक्कांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली.