क्लासिक रॉकचा टोन: गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) कमी, मिड (मधले सूर) जास्त

मार्शल सुपर लीडसारख्या गिटार अँपला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे एकूण आवाज वेगळा आवरणारा नॉब, नसतो. आवाज चढवला की पॉवर ट्यूबमध्येच (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्यांमध्ये) सूर फाटायला लागतो आणि तोच तो टोन. चार इनपुट असतील तर गिटार पहिल्या चॅनेलच्या हाय इनपुटात लावा आणि त्याच चॅनेलच्या लो इनपुटातून छोटी पॅच केबल दुसऱ्याच्या हाय इनपुटात घाला, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र वाजतात. ब्राइट (पहिल्या चॅनेलचा) व्हॉल्यूम ६, नॉर्मल (दुसऱ्याचा) ४. बेस ३, मिड ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स (सर्वात वरच्या सुरांचा नॉब) ४ इथून सुरुवात करा.

बेस कमी का? खालचे सूर पॉवर ट्यूबची ताकद आधी खातात. मग जाड तारांवरची रिफ चिखलासारखी लिबलिबीत होते. मिड मात्र कापू नका. एकट्याने वाजवताना भरीव वाटणारा मिडविरहित टोन ड्रम आणि बेस गिटार सुरू होताच गायब होतो.

कर्कशपणा आला तर आधी ब्राइट व्हॉल्यूम बघा. त्यावरचा कपॅसिटर (वरचे सूर पुढे सोडणारा भाग) नॉब खाली असतानाच जास्त टोचतो, म्हणून आवाज कमी करून ट्रेबल आवरणं व्यर्थ. घरी ॲटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारं यंत्र) लावा, अँपशी ओहम जुळवून. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँप कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.