पडद्यावरच्या माणसांचं पोट कशावर चालतं?

"सध्या काय चांगलं बघितलंत?" भेटेल तो हेच विचारतो. भुताखेतांपासून घरगुती रडारडीपर्यंत मी काहीही बघते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पण उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. त्यांना ऐकायचं असतं की कॉमेडी आहे की थ्रिलर, आणि मी सांगत बसते त्यातली माणसं पोटासाठी काय करतात ते. आमच्या घरी जेवणाचे डबे करून देण्याचा उद्योग होता, त्याचा हा परिणाम असेल. पडद्यावर कुणी पोळी लाटायला घेतली की माझं लक्ष आधी हाताकडे जातं. हात बनावट निघाला की पुढचं सगळंच खोटं वाटायला लागतं.

छाया कदम यांचा हात कधी खोटा वाटला नाही. 'सैराट'मध्ये (2016) हैदराबादच्या वस्तीत डोशाची गाडी चालवणारी, आर्ची-परश्याला आसरा देणारी सुमनअक्का आठवते ना? 2024 साली त्या अशाच दोन भूमिकांत दिसल्या. 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे स्टेशनावर चहा-ब्रेडपकोड्याचा ठेला चालवणारी मंजू माई, आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाकाचं काम करणारी पार्वती. किरण राव यांच्या 'लापता लेडीज'मध्ये घुंघटामुळे नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, तो गोंधळ मजेदार आहेच. पण मला जास्त आवडली ती त्यातली एक नवरी, स्टेशनावर अडकलेली फूल. मंजू माईच्या ठेल्यावर ती कामाला लागते, कलाकंद करते आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे हातात घेते. तिचा चेहरा त्या क्षणी बघाच. पोलिसाच्या भूमिकेतला रवी किशन सगळ्यांना आवडतो, मलाही आवडला, पण तो सोपा भाग झाला.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन…' संथ आहे, आधीच सांगते. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोचलेला हा पहिलाच भारतीय सिनेमा तिथून ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. म्हणून बिचकू नका. यात मल्याळी नर्सेस आहेत, पाऊस आहे, लोकलची गर्दी आहे. त्यांतल्या प्रभाला जर्मनीत गेलेल्या नवऱ्याकडून पत्र नाही, फोन नाही, आणि एक दिवस अचानक राइस कुकर येतो. ती तो कुकर रात्री कवटाळून बसते. आणि पार्वती! नवरा गेला, खोलीची कागदपत्रं नाहीत, बिल्डर दारात उभा. इतकी वर्षं त्या खोलीत काढली याचा पुरावा काय द्यायचा? शेवटी ती सामान बांधून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघते. मुंबईतल्या चाळकरी मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जाण्यापूर्वी ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा मी घरी एकटीच मोठ्यांदा "हाण!" म्हणाले.

आता 'तुंबाड'. 2018 साली आला तेव्हा फारसं कुणी गेलं नाही. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. लोक त्यातल्या पावसाबद्दल आणि खजिन्यापाशी अडकलेल्या हस्तर या शापित, हावरट देवाबद्दल बोलतात. माझ्या मते त्याची खरी भीती वेगळी आहे. विनायकरावाने त्या शापाची नोकरी करून टाकलेली असते. पुण्याहून निघायचं, कणकेची बाहुली करून घ्यायची, दोराने खाली उतरायचं, हस्तर बाहुली खाईपर्यंत मोहरा ओरबाडायच्या आणि वर यायचं. मोहरा संपल्या की परत फेरी. पुढे पोटच्या पोरालाही तो हाच धंदा शिकवतो. शेवट सांगत नाही.

'किल' मात्र मला अर्धाच पटला. राजधानी एक्सप्रेसमध्ये दरोडा पडतो, गाडीत नेमका एक कमांडो असतो, मग हाणामारी. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळपास निम्मा उलटल्यावर, ती युक्ती झकास आहे. पण लक्षात राहतात ते दरोडेखोर. काका, पुतणे, भाऊ, सगळं खानदानच धंद्यात! आपला माणूस पडला की ते ओक्साबोक्शी रडतात. नायकाला ठोसे सोडून फार काही दिलेलं नाही. जेवताना लावू नका.

'नाच गं घुमा' 1 मे 2024 ला, म्हणजे कामगार दिनालाच, लागला. घरकाम करणाऱ्या आशाताईंची गोष्ट आणि तारीख नेमकी ती! आशाताई झालेल्या नम्रता संभेरावसाठी बघा. सकाळी बाई आली नाही की घरात उडणारी तारांबळ दिग्दर्शक परेश मोकाशींनी फार अचूक पकडलीय. उत्तरार्धात मात्र सगळे जरा जास्तच गोड वागायला लागतात. त्यांचीच काळ्या विनोदाची 'वाळवी' बघितलेली असेल तर हा गोडवा जास्त टोचेल.

यातला एकच निवडून द्या म्हणालात, तर 'मंजुम्मेल बॉयज'. कोचीजवळच्या मंजुम्मेलची पोरं कोडाईकनालच्या गुणा गुहेत जातात आणि एक जण खोल खड्ड्यात पडतो. 2006 साली खरोखर घडलेली घटना. यातली पोरं साधी, कामधंदा करणारी, फावल्या वेळात रस्सीखेच खेळणारी. सुरुवातीला एका सामन्यात ती हरतात, तेव्हा आपण हसतो. पुढे खड्ड्यावर उभं राहून दोर ओढायची वेळ येते, आणि तेव्हा तोच खेळ कामी येतो. दिग्दर्शक चिदंबरम त्यावर एक शब्दही बोलू देत नाही. पोलिसांचा मार खाऊन, पावसात भिजून ही पोरं नुसती ओढत राहतात. हिंदी डबिंग नको, मूळ मल्याळमच लावा. खड्ड्यातून येणाऱ्या हाका त्यांच्याच भाषेत ऐकायला हव्यात.