दोन लाखांचा फरक

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. आदल्या रात्री पर्थ कसोटीच्या पहिल्याच दिवशी १७ विकेट पडल्या होत्या आणि त्या बघत बसल्यामुळे माझी झोप झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात विधानसभेची मतमोजणी, त्यामुळे कोल्हापूरहून आण्णांचे मेसेज सकाळपासून सुरू. आणि इकडे अमेरिकेत रात्री आठच्या आत आम्हाला बेसबॉल लीगच्या कचेरीत कळवायचं होतं, की पुढच्या मोसमासाठी कोणाला पगार द्यायला आम्ही तयार आहोत आणि कोणाला नाही.

मी मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, एका क्लबमध्ये विश्लेषक आहे. क्लबचं नाव सांगत नाही, करारात तसं लिहिलंय. खेळाडूचे तपशील आणि आकडे थोडे सरकवले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं गणित तेच ठेवलंय. आमचं शहर लहान, टीव्हीचे पैसे कमी, मालक हात राखून खर्च करणारे. २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा आण्णांनी मला विचारलं होतं, "त्यातले ६८ कोटी नंतर देणार म्हणं? म्हंजे ऊसबिल थकवल्यागतच की!" आण्णा सहकारी साखर कारखान्यात हिशेबनीस होते. थकबाकी त्यांना लांबून ओळखता येते. मी सांगितलं, की यात शेतकऱ्यानंच स्वतःहून सांगितलंय, सावकाश द्या. यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आमच्याकडे पुढच्या मोसमासाठी मिळून ८ कोटी ५० लाख डॉलर होते. ऐकायला भरपूर वाटतात. पाच जणांचे जुने करार, ते ४ कोटी १० लाख. तेरा पोरं किमान पगारावर. २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार, म्हणजे जवळपास ९९ लाख. मोसमात कोण ना कोण जायबंदी होतोच, त्याच्या बदलीसाठी २० लाख बाजूला. उरले मधले आठ जण, ज्यांच्यावर दर नोव्हेंबरात आमच्या सगळ्या बैठका होतात.

हे मधले म्हणजे काय, ते सांगायला हवं. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तेवढ्यावर खेळतो. सहा वर्षं भरली, की तो मोकळा, बाजारात हवा तो भाव घ्यावा. तीन ते सहाच्या मध्ये लवाद. क्लबनं एक आकडा सांगायचा, खेळाडूनं एक, आणि तिघांच्या मंडळानं त्यातला एकच निवडायचा. मधला काढायचा नाही. लवादाला जायचं नसेल, तर क्लबला एक सोपी वाट असते. नोव्हेंबरातल्या ठरलेल्या तारखेआधी त्या खेळाडूला करारच देऊ केला नाही, की तो मोकळा आणि आपणही मोकळे. याला आम्ही नॉन-टेंडर म्हणतो. एक पैसा द्यावा लागत नाही.

त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव असतं, बोलत कोणी नाही. डेव्हिड ऑर्टिझ. डिसेंबर २००२ मध्ये मिनेसोटाच्या क्लबनं त्याला सोडून दिलं. जानेवारीत बॉस्टननं साडेबारा लाख डॉलरला उचललं. २००४ मध्ये बॉस्टननं ८६ वर्षांनी विजेतेपद जिंकलं ते त्याच्या बॅटीवर. पुढे आणखी दोन विजेतेपदं, एकूण ५४१ होमरन, २०२२ मध्ये हॉल ऑफ फेम. सोडलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे कोणाच्या खिजगणतीत नसतात, हे खरंच आहे. पण बहुतेकांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आमचा त्या वर्षीचा माणूस होता तिशीतला कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर. चार वर्षं आणि वर काही दिवस झालेले, म्हणजे आणखी दोन मोसम आमच्या ताब्यात. लवादाचा अंदाज ३२ लाख. बॅटिंग यथातथाच. पण चेंडू पकडण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. कडेला पडलेला चेंडू झेलताना तो मनगट असं काही आत आणायचा, की पंचाला तो स्ट्राइकच, म्हणजे बॅट्समनच्या विरुद्ध जाणारा चेंडू, वाटावा. टेनिस बॉलवर विकेटकीपिंग केलेल्या माझ्यासारख्याला ते बघताना मजा यायची. याची किंमत काढता येते आणि आम्ही काढतो. अडचण एवढीच, की ट्रिपल-ए या एक पायरी खालच्या लीगमध्ये तेव्हा पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची सोय आलेली होती. ती वर आली, की या कलेचा भाव उतरणार. त्यामुळे त्याच्या दुसऱ्या वर्षाची किंमत मी कापून धरली होती. (२०२६ साठी ती पद्धत पुढे मंजूर झालीच. त्या एका गोष्टीत मी बरोबर निघालो.)

पैशांपेक्षा अवघड असतात त्या खुर्च्या. क्लबच्या मुख्य यादीत चाळीसच नावं बसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. खालच्या संघात काही वर्षं काढलेलं पोरगं या चाळिसात घेतलं नाही, तर डिसेंबरात रूल फाइव्ह नावाच्या निवडीत दुसरा क्लब त्याला १ लाख डॉलर देऊन घेऊन जाऊ शकतो. तीनच दिवसांपूर्वी, १९ तारखेला, आम्ही पाच पोरांना रुमाल टाकून बसवलं होतं. त्यात एक तरुण कॅचरही होता. बस भरलेली. आणि दारात अजून दोघं उभे. एक कोरियात तीन मोसम काढून परतणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि एक रूल फाइव्हमधून उचलायचं ठरवलेलं पोरगं.

कोरियाचा पिचर माझा हट्ट होता. मेरिल केलीला ॲरिझोनानं २०१८ च्या डिसेंबरात कोरियातून आणलं, दोन वर्षांना ५५ लाख डॉलर. २०२१ मध्ये ॲरिझोना ११० सामने हरली, आणि २०२३ मध्ये वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोचली, तेव्हा त्यांनी जिंकलेल्या एकमेव सामन्यात सात इनिंग टाकणारा हाच केली. गरीब क्लबांना असली उदाहरणं तोंडपाठ असतात. आम्हाला २००२ च्या ओकलंडची गोष्ट आता कोणी सांगू नये. तेव्हा कोपर दुखावलेला कॅचर हॅटेबर्ग स्वस्तात मिळाला, त्याला फर्स्ट बेसवर उभा केला आणि सलग विसावा सामना त्याच्याच होमरननं जिंकला, हे सगळं खरं. पण तेव्हा आमच्यासारखी माणसं दोन-चार क्लबांत होती. आज तीसच्या तीस क्लबांत आहेत आणि एकच आकडे बघतात.

मधल्या आठ जणांचा अंदाज होता २ कोटी ३० लाख. सगळं वजा जाता हातात ९१ लाखांच्या आसपास उरत होते. खुल्या बाजारात एका जादा विजयाचा भाव ८०-९० लाख धरतात. फुकटात मिळणाऱ्या खेळाडूंचा संघ उभा केला, तरी १६२ पैकी ४८ च्या आसपास सामने जिंकेल असा हिशेब आहे. तिथून वरचा प्रत्येक विजय विकत घ्यायचा. म्हणजे आमची अख्खी शिल्लक एका विजयाची. मला हवा होता एक जुनाजाणता पिचर ६० लाखांत आणि कोरियावाला ४० लाखांत. शंभर. कोपराचं ऑपरेशन झालेल्या एका रिलीव्हरला, म्हणजे बदली पिचरला, सोडायचं ठरलं होतं, त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. त्याचे लाख-दीड लाख वाचत होते. कॅचर ३२ ऐवजी २४ ला राहिला, तर माझा कागद जुळत होता. शिल्लक बरोब्बर ६० हजार डॉलर.

ताळेबंद जुळला, की छातीत जे होतं ते हिशेबनिसाच्या पोराला समजावून सांगायला नको. लहानपणी मार्चअखेरीला आण्णा एका पैशाचा फरक शोधत रात्रभर बसलेले मी पाहिलेत.

दुपारी तीनला एजंटला २४ सांगितले. तो २८ वर होता. पाचला २७. मध्ये आमचा जुना स्काऊट, खेळाडू हेरणारा, येऊन बसला. सत्तरीचा माणूस, कॉम्प्युटरला हात लावत नाही. माझ्या टेबलावर आईनं पाठवलेला फराळाचा डबा होता, त्यातल्या चकल्या मोडून मोडून खात त्यानं विचारलं, "आपल्या तीन पोरांना कोण पकडणार?" बावीस ते चोवीस वर्षांचे तीन पिचर, त्यांच्यावर आमचं सगळं भवितव्य. मी आकडे काढून दाखवले, की हा कॅचर असताना आणि नसताना पोरांच्या खेळात दिसणारा फरक इतक्या कमी सामन्यांचा आहे, की त्यावरून काही सांगता येत नाही. तो म्हणाला, "मी आकडा विचारला नाही. नाव विचारलं." मी तरुण कॅचरचं नाव सांगितलं. त्यानं चकलीचा चुरा तळहातावर गोळा केला, तोंडात टाकला आणि गेला.

साडेसातला एजंटचा फोन. २६, शेवटचं.

जीएमनं, म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरनं, माझ्याकडे पाहिलं. "तुझा आकडा?"

मी म्हटलं, चोवीस.

"दोन लाखांसाठी?"

मी कागद फिरवून दाखवला. सव्वीसला आम्ही १ लाख ४० हजारांनी तुटीत जात होतो. शिवाय तो गेला तर रूल फाइव्हची खुर्ची रिकामी होते, हेही सांगितलं. जीएमनं आणखी दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं. सात पन्नासला नाव यादीतून काढलं.

आता जरा खरं बोलतो. माझ्या कुठल्याही खेळाडूच्या अंदाजात वर-खाली एका विजयाची चूक सहज असते. म्हणजे ८० लाख डॉलरची चूक पदरात घेऊन मी दोन लाखांवर अडून बसलो होतो. जायबंदींसाठी ठेवलेल्या २० लाखांतून १ लाख ४० हजार घेता आले असते. ते घरी जाताना गाडीत सुचलं असं नाही. तिथे बसल्या बसल्याच सुचलं होतं. पण मग कागद जुळला नसता.

खेळाडूला जीएम स्वतः फोन करतात, ही पद्धत मला आवडते. स्पीकरवर होता. मागे कुत्रं भुंकत होतं. त्यानं ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाला, "दोन लाखच होते ना? मी एजंटला सांगितलं होतं, फार ताणू नको म्हणून." कोणाला काय बोलावं ते कळेना. मग त्यानं तीन पोरांची नावं घेतली आणि एकेकाबद्दल सांगायला सुरुवात केली. एकाला पहिल्या इनिंगमध्ये बाहेरचे चेंडू मागू नका, घाबरतो. दुसरा चिडला, की डावा खांदा लवकर उघडतो, तेव्हा उठून त्याच्यापर्यंत चालत जायचं, बोलायचं काही नाही, नुसतं चालत जायचं. मी लिहून घेतलं. माझ्या कुठल्याच रकान्यात ते बसत नव्हतं, म्हणून वहीत लिहिलं.

बाहेर येऊन आण्णांना फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजत आलेले, चहा घेऊन टीव्हीसमोर बसलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मनात गुणाकार केला. "दोन लाख डॉलर म्हंजे पावणेदोन कोटीच्या घरात गेलं की रं!" म्हणजे त्यांना माझं पटलं असं वाटलं. मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडं एकदा ऑफ सीझनला मिलचा रोलर बदलायचा न्हाई म्हणून ठरलं. बजेटात बसत न्हवता. कागद मीच केलेला." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण बातम्या सुरू झाल्या.

बाकीचं भराभर सांगतो. ११ डिसेंबरला डॅलसमध्ये रूल फाइव्हमधून पोरगं उचललं, १ लाख डॉलर. अशाला मोसमभर मुख्य संघात ठेवावं लागतं, नाही तर मूळ क्लबला परत विचारायचं. एप्रिलमध्येच त्याचा टिकाव लागेना. परत दिला, ५० हजार परत आले. कोरियावाला चांगला चालला, अगदी केली नव्हे, पण चांगला. तरुण कॅचरची बॅट आमच्या अपेक्षेपेक्षा बरी निघाली आणि खाली पडणारे चेंडू त्याच्या पायांतून जात राहिले. तीन पोरांपैकी दोघं ठीक. तिसरा, खांदा उघडणारा, जूनमध्ये खालच्या संघात गेला. कॅचर असता तर गेला नसता, असं मी म्हणू शकत नाही. स्काऊट म्हणतो.

आणि आमच्या कॅचरनं जानेवारीत दुसऱ्या क्लबशी करार केला. २० लाखांना.

मे महिन्यात ते आमच्या मैदानावर आले. दुपारी सरावाच्या वेळी मी डगआऊटच्या पायऱ्यांवर उभा होतो. हल्ली पिचर-कॅचरमधल्या खुणा यंत्रावर होतात, कॅचर मनगटावरचं बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो. बोटांच्या खुणा जवळपास गेल्याच. त्यानं मला लांबून पाहिलं. होम प्लेटमागे खाली बसला, ग्लोव्ह पुढे धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं मांड्यांमध्ये खाली सोडली. दोन बोटं म्हणजे कर्व्हबॉल, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, म्हणून मी तेच समजलो आणि आजूबाजूला पिचर शोधला. कोणीच नव्हतं. तो तसाच बसून, दोन बोटं हलवत, माझ्याकडे बघून हसत होता.