पान ८ आणि ९ मधला दोरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थी शिक्षकांविषयी लिहितील, मैदानाविषयी लिहितील. पुस्तकबांधणी हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, म्हणून मी शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटांविषयी लिहितो. वाचनाचं सुख डोळ्यांइतकंच हातालाही मिळतं, आणि ते कुठून येतं हे आज त्या कपाटासमोर उभ्या राहणाऱ्या मुलांना ठाऊक असावं असं फार वाटतं.

कापडी पाठीचं एखादं जुनं पुस्तक काढा आणि पान ८-९ उघडा. मधल्या घडीत पांढरा दोरा दिसेल. तसाच २४-२५ मध्ये, पुढे ४०-४१ मध्ये. छापलेल्या मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की १६ पानांचा फर्मा होतो. प्रत्येक फर्मा घडीतून शिवून शेजारच्या फर्म्याला जोडायचा, ही जुजबंदी. (सुरुवातीची पानं आकड्यांत धरली नसतील तर हिशेब थोडा पुढेमागे होतो.) काही पुस्तकांत पान १७, ३३, ४९ च्या तळाशी बारीक आकडाही सापडेल. तो फर्म्याचा क्रमांक, बांधणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून छापलेला.

जुजबंदीचं पुस्तक टेबलावर ठेवलं की उघडंच राहतं. अंगठ्याने दाबून धरावं लागत नाही, दोन्ही हात मोकळे, आणि तासभर वाचलं तरी मनगट अवघडत नाही. आजची बहुतेक पेपरबॅक पुस्तकं परफेक्ट बाइंडिंगची असतात. त्यांत फर्म्यांच्या घड्या पाठीकडून कापून टाकतात आणि सुटी पानं गरम गोंदात बसवतात. असं पुस्तक मधोमध उघडून कडकन मागे दुमडलं की गोंदाला चीर जाते आणि तिथूनच पानं गळायला लागतात.

म्हणून नवं पुस्तक घाईने उघडू नये. पाठ टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. आधी पुढचा पुठ्ठा खाली टेकवा, मग मागचा. आता पुढची आठ-दहा पानं सोडून घडीच्या कडेने बोट हलकेच वरून खाली फिरवा, मग मागची तितकीच. असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. कोऱ्या कागदाचा आणि शाईचा वास याच वेळी सर्वांत ताजा असतो, आणि पुस्तकाशी ओळख करून घेण्याची ही वेळ मला वाचनाइतकीच प्रिय आहे.

जुन्या पुस्तकाचा वास वेगळा. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. उजेड आणि हवा लागून त्याचं विघटन होतं, पान पिवळं पडतं आणि व्हॅनिलाच्या जवळ जाणारा गोडसर गंध येतो. कुबट वास मात्र बुरशीचा. तो आला की पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा, सावलीत वाऱ्यावर कोरडं होऊ द्या, मग नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने अंगणात झटका. थेट उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं असावं, कारण ओल भिंतीतून येते आणि वाळवीही. कसर, म्हणजे पुस्तकं कुरतडणारा चंदेरी किडा, येते ती बांधणीतल्या खळीसाठी आणि सरसासाठी. ज्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही त्यात ती निवांत राहते.

शाळेत पुस्तकांचं सर्वांत जास्त नुकसान दोन गोष्टींनी होतं. एक, पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून पुस्तक ओढणं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकलावीत आणि हवं ते मधोमध धरून काढावं. दुसरी, सेलोटेप. काही वर्षांनी प्लॅस्टिक निघून पडतं, पण चिकटा कागदात मुरून तपकिरी पट्टा राहतो आणि तो कायमचा.

फाटलेल्या पानाला मैद्याची खळ पुरते. १ चमचा मैदा ५ चमचे गार पाण्यात गुठळ्या मोडून मिसळा आणि मंद आचेवर सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. दोन दिवसांत संपवा, पुढे आंबते. (पुठ्ठ्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून बांधणारे मोरचूद घालतात; ते विषारी आहे, मुलांच्या हातात नको.) आता फाट नीट बघा. ती सरळ नसते, तिरपी असते. दोन्ही कडांना केसाएवढी पांढरी किनार दिसते. आधी कोरडंच जुळवून कुठली कड वर येते ते ठरवा, कारण चुकलं तर अक्षराचा तुकडा खाली दबतो. मग फक्त त्या किनारीला बारीक ब्रशने खळ लावा, कडा बसवा, वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर दाबाखाली ठेवा. अशा फाटीला बहुधा पट्टीही लागत नाही. लागलीच तर पातळ पांढऱ्या कागदाची, कात्रीने कापलेली नव्हे, हाताने फाडलेली लावा. तिच्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात, कापलेल्या कडेवर पान पुन्हा मोडतं. खळ जास्त झाली तर कागद सुरकुततो आणि ती सुरकुती सहसा जात नाही.

एक विनंती ग्रंथपालांना आहे. पुस्तकात चिकटवलेली देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी भरली की ती फाडून टाकतात. तसं करू नका. नवी चिठ्ठी तिच्यावरच, फक्त वरच्या कडेला खळ लावून चिकटवा. खालचा कागद उचलला की आपल्या आधी हे पुस्तक कुणी कुठल्या पावसाळ्यात नेलं होतं, कुठल्या दिवाळीच्या सुट्टीत ते घरी राहिलं होतं, हे वाचणाऱ्याला दिसत राहील.