मत सिनेमाचे की कॅसेटचे?

भुताखेतांचे, रक्तपाताचे, तुटपुंज्या पैशांत उभे केलेले सिनेमे मी आवडीने पाहते आणि मिळतील तिथून त्यांच्या कॅसेट, सीडी, डीव्हीडी आणून जपून ठेवते, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नकार्यात असो की नागपुरात बर्डीवर खरेदीला गेले असताना असो, कोणी ना कोणी मला हमखास विचारते, की एकाच सिनेमाला एक जण डोक्यावर घेतो आणि दुसरा पहिल्या दहा मिनिटांत बंद करून टाकतो, तर पाहायचा की नाही हे ठरवताना मत कोणाचे धरायचे? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते. मत वाचण्याआधी ते कोणत्या प्रतीवरून, कोणत्या खोलीत आणि कोणाच्या सोबतीने पाहून तयार झाले हे आधी शोधावे, असे माझे उत्तर आहे. या जातीच्या सिनेमांबद्दलची बरीचशी मते सिनेमाबद्दल नसतातच. ती हाती आलेल्या प्रतीबद्दल असतात.

माझ्या मामांची गोकुळपेठेत व्हिडिओ लायब्ररी होती आणि कॉलेजच्या काळात संध्याकाळी गल्ल्यावर मी बसत असे. १९८२ च्या दिल्लीतील एशियाडच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ कॅसेट लावायचे व्हीसीआर आले, आणि ज्यांना ते विकत घेणे परवडत नसे ती मंडळी दोन्ही यंत्रे एका रात्रीपुरती भाड्याने नेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांसह पहाटेपर्यंत ओळीने सिनेमे पाहत. कॅसेट परत करताना प्रत्येक जण काही ना काही बोलून जाई. ‘काही दम नाही जी पिक्चरमध्ये’, ‘लेकरं रात्रभर झोपली नाहीत’, ‘काहून ठेवता असल्या कॅसेटा?’ अशी ती मते असत. परंतु प्रेक्षकांचे आणखी एक मत लायब्ररीत जमा होत असे, आणि ते खुद्द फितीवर उमटलेले असे. व्हीसीआर ‘पॉज’वर ठेवला की फीत जागच्या जागी थांबते, पण फीत वाचणारे हेड ज्यावर असते तो ड्रम मात्र त्याच जागेवर वेगाने फिरत राहतो. असे वारंवार झाले, किंवा तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला गेला, की तेवढ्या भागावरचा चुंबकीय लेप झिजतो आणि पडद्यावर नेमक्या त्याच प्रसंगाला पांढऱ्या रेघा उडू लागतात. कोणत्या खुनापाशी, कोणत्या राक्षसाच्या चेहऱ्यापाशी लोक थांबले होते हे कॅसेट लावून पाहिले की लगेच कळत असे. गल्ल्यावर ‘फालतू आहे’ म्हणून परत आलेल्या कितीतरी कॅसेट अशा ठिकठिकाणी झिजलेल्या असत. हे लोक खोटे बोलत होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. चारचौघांत सांगायचे मत वेगळे असते आणि अंधाऱ्या खोलीत मान वळवता न येणे वेगळे असते. दोन्ही खरी असतात, आणि म्हणून केवळ बोललेले मत धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. कमी खर्चात हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ मध्ये आला, त्याने थिएटरांत भरपूर गर्दी खेचली आणि नंतर कॅसेटच्या रूपाने तो घरोघरी फिरला. आमच्याकडे आलेली कॅसेट कितव्या नकलेची नक्कल होती कोण जाणे, पण प्रत्येक नकलेगणिक चित्रातला बारकावा कमी होत जातो आणि त्याचा सर्वांत जास्त फटका रात्रीच्या प्रसंगांना बसतो. एक गृहस्थ ती परत करताना म्हणाले होते, ‘आवाज तर येते जी, पण नुसता अंधारच अंधार हाय, कोण कोणाले मारून राहिला ते समजतच नाही.’ त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. फक्त ते रामसेंच्या सिनेमाचे वर्णन नव्हते. पुढे मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ हे दोन सिनेमे एकत्र डीव्हीडीवर आणले, तेव्हा धुक्यातून येणारा हिरवा, निळा, लाल प्रकाश, जुन्या वाड्याच्या भिंतींवरच्या सावल्या आणि सामरी या राक्षसाची भूमिका करणाऱ्या अजय अग्रवाल यांचा तो लांबट चेहरा नीट दिसला. कमी पैशांत प्रकाशयोजनेवर केवढी मेहनत घेतली होती हे आमच्या गावाने पाहिलेलेच नव्हते. तरीही ‘रामसे म्हणजे अंधार आणि आरडाओरडा’ हे मत इतके पक्के बसले आहे, की ती डीव्हीडी न पाहिलेले लोकही ते आत्मविश्वासाने सांगतात.

हाच प्रकार अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ च्या सिनेमाबाबत झाला, आणि त्याचे कारण फार लहानशा चुकीत आहे. सिनेमाचे नाव आधी वेगळे होते. वितरकाने ते बदलताना नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली, आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार सिनेमा सार्वजनिक मालकीचा ठरला. मग ज्याला वाटेल त्याने, हाती लागेल त्या प्रिंटवरून कॅसेट काढली. सुमारे सव्वा लाख डॉलरच्या आत तयार झालेला हा कृष्णधवल सिनेमा पिढ्यान्‌पिढ्यांनी राखाडी चिखलासारखा पाहिला आणि ‘स्वस्तातला, धूसर, पण काहीतरी आहे’ असे मत बनवले. मूळ निगेटिव्हवरून त्याची दुरुस्ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये केली. त्या प्रतीत काळे आणि पांढरे इतके स्वच्छ वेगळे होतात, की तळघरातला शेवटचा भाग मला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाटला.

रक्ताबद्दल मात्र गंमत उलटी आहे. व्हीएचएसमध्ये, म्हणजे त्या काळच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये, रंगाची माहिती चित्राच्या उजेड-सावलीच्या मानाने फारच कमी जागेत साठवली जाते, म्हणून लाल रंग आपल्या कडा सोडून बाजूला पसरतो. त्यामुळे बनावट रक्त कॅसेटवर ओले, पसरणारे आणि खरे वाटे. तेच ब्लू-रेवर रंगाच्या डब्यातून ओतलेले दिसते. ‘जुन्या सिनेमांत रक्त किती खरे होते’ असे कोणी लिहिले, तर त्यांनी ते कशावर पाहिले होते हे विचारावे.

आणि नागपूरकरांसाठी एक खास मुद्दा कूलरचा. मे महिन्यात बंद खोलीत वाळ्याचा कूलर घरघरत असताना भयपट पाहिला, तर दार करकरण्याचा, जिन्यावरच्या पावलाचा, श्वास अडकल्याचा आवाज कानांपर्यंत पोहोचतच नाही. भयपटाचा जीव त्याच्या शांततेत असतो आणि आमची शांतता त्या पंख्याने खाल्लेली असे. उन्हाळ्यात नेलेल्या भुताच्या कॅसेटला मिळणारी नाराजी आणि त्याच कॅसेटला डिसेंबरात मिळणारी वाहवा यांतला फरक मामांनाही जाणवत असे. ते मे महिन्यात मारधाडीच्या कॅसेट पुढच्या फळीवर मांडायचे.

हिंसेबद्दलच्या मतांची तऱ्हा याहून गंभीर आहे, कारण तिथे न पाहता दिलेल्या मतांवरून कायदे झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिडिओवरच्या हिंसक सिनेमांविरुद्ध वर्तमानपत्रांनी मोठी मोहीम उघडली. सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी एकूण ७२ सिनेमे आले, त्यांत ‘द ईव्हिल डेड’ही होता, आणि १९८४ मध्ये व्हिडिओंना प्रमाणपत्र सक्तीचे करणारा कायदा झाला. त्या मोहिमेत पुढे असलेल्या मेरी व्हाइटहाउस यांनी आपण असा सिनेमा पाहिलेला नाही आणि पाहण्याची गरजही नाही, असे उघड सांगितले होते. त्याच काळात लहान मुले हे सिनेमे सर्रास पाहतात असे सांगणारी पाहणी प्रसिद्ध झाली. तेव्हा गाय कंबरबॅच आणि पॉल बेट्स या दोन संशोधकांनी अकरा वर्षांच्या मुलांना अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांची नावे दाखवली, आणि ६८ टक्के मुलांनी ते पाहिल्याचे सांगितले. प्रेक्षकांची मते गोळा करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. (तो कायदा करताना युरोपीय आयोगाला कळवायचे राहून गेले होते. ते २००९ मध्ये उघडकीस आले आणि २०१० मध्ये तो पुन्हा संमत करावा लागला.)

पाहिलेल्या लोकांची आठवणही फसवते. टोबी हूपर यांच्या १९७४ च्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’बद्दल विचारा, पाहिलेला माणूस हमखास सांगेल की पडदा रक्ताने भरलेला होता. प्रत्यक्षात त्यात रक्त फारच थोडे दिसते आणि मांस टांगायचा लोखंडी आकडा शरीरात शिरताना तर दाखवलेलाच नाही. कमी दाखवल्यास सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी दिग्दर्शकाला आशा होती. ती फोल ठरली, आणि ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने तर त्या सिनेमाला १९९९ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. आवाज, उष्मा, घाणेरडी भिंत आणि किंचाळणारा चेहरा यांतून प्रेक्षकाने रक्त स्वतः भरले. ‘फार हिंसक आहे’ असे मत वाचले की मी पुढे वाचते: काय दाखवले आणि काय सुचवले, याचा उल्लेख आहे का? नसेल तर ते मत मला उपयोगाचे नाही.

माझीही एक सीमा आहे आणि ती सांगायला हवी. इटलीचे रुग्गेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मधले मानवी मृत्यू इतके खरे वाटले, की कलाकार जिवंत आहेत हे त्यांना सिद्ध करावे लागले. ते कसब मी मान्य करते. पण त्या सिनेमात प्राणी खरोखर मारले आहेत. बनावट रक्ताचा कितीही मोठा लोट मला चालतो, कॅमेऱ्यासाठी घेतलेला एकही जीव चालत नाही, आणि त्या सिनेमाची स्तुती करणाऱ्या मतात ही गोष्ट वगळलेली असेल, तर त्या लेखकावर पुढे मी भरवसा ठेवत नाही.

आता ‘स्वस्तातला वाटतो’ या तक्रारीबद्दल. मला ती तक्रार कळते, पण तिच्यावर थांबणारे मत अपुरे वाटते. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी ‘एल मारियाची’ सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला आणि तो मुळात स्पॅनिश भाषेच्या व्हिडिओ बाजारासाठीच होता. आपल्याच मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने गावातल्या कामगारांना घेऊन सिनेमे केले. विदर्भातल्या प्रेक्षकाला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरीच्या बाजूला झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथे रंगवलेला पडदा हलतो, दिवे कधी लागतात कधी नाही, तरी खलनायक मंचावर आला की हजारो माणसे सावरून बसतात. पडदा कापडाचा आहे हे त्यांना दिसतेच. ती नटाचा आवाज तोलत असतात. कांती शहा यांचा १९९८ चा ‘गुंडा’ मला त्या परंपरेच्या जवळचा वाटतो. त्यातली पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून यमकात स्वतःची ओळख करून देतात, एकामागून एक येऊन मरतात, आणि मिथुन चक्रवर्ती शेवटपर्यंत पूर्ण गांभीर्याने काम करतात. या सिनेमाला लोक दहापैकी दहा गुण देतात किंवा एक देतात. दोन्ही आकड्यांतून मला काही कळत नाही. ‘संवाद एकाच ठेक्यात आहेत आणि त्यामुळे मृत्यूही पाळीपाळीने आल्यासारखे वाटतात’ असे कोणी लिहिले, तर त्यातून मला सिनेमा दिसतो.

प्रेक्षकांच्या मताला मी कमी लेखते असे मात्र समजू नका. रामसेंचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ १९७० मध्ये पडला. तरी भयानक मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला लोक खिळून राहतात, हे भावांनी थिएटरात बसून पाहिले आणि त्यावरून पूर्ण भयपट करायचे ठरवले. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यातून झाला. कथा, कॅमेरा, ध्वनी, संकलन, सगळे घरातल्याच माणसांनी सांभाळले. लोक काय बोलतात यापेक्षा कुठे हलत नाहीत, हे त्या भावांनी पाहिले होते.

म्हणून तुम्ही मला विचाराल, तर तीन तपशील नसलेले मत बाजूला ठेवा: कोणती प्रत पाहिली, पूर्ण की कापलेली, आणि एकट्याने की घोळक्यात. आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर येताना आणखी कापला जातो, त्यामुळे टीव्हीवर पाहून दिलेले मत तर वेगळ्याच सिनेमाचे असते. आणि नव्याने सुरुवात करायची असेल, तर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घ्या, पण वर सांगितलेली २०१६ च्या दुरुस्तीची प्रतच घ्या. फुकट मिळणाऱ्या डझनावारी धूसर प्रतींपैकी एखादी पाहून नाही आवडला म्हणालात, तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. ती चांगली प्रत घेऊन तुमच्या घरी येईन.