५५८ किलोहर्ट्झ

आमच्या चाळीत सकाळी नळाच्या आधी रेडिओ सुरू व्हायचा. आजीने काटा आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’ केंद्रावर, म्हणजे आजच्या अस्मिता वाहिनीवर, ५५८ किलोहर्ट्झला कायमचा लावून ठेवला होता. खरखर वाढली की ती स्टेशन बदलत नसे, अख्खा रेडिओच जरा फिरवून ठेवायची. मिडियम वेव्हचा अँटेना आतल्या फेराइटच्या दांडीवर असतो, त्यामुळे दिशा बदलली की आवाज स्वच्छ होतो, हे मला फार नंतर कळलं. आजीला ते हातानेच ठाऊक होतं.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेव्हा ते खासगी कंपनीचं होतं. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ चं.

पण आमच्यासाठी मुंबई केंद्र म्हणजे बोलणारी माणसं. दुपारचं ‘वनिता मंडळ’, संध्याकाळची ‘कामगार सभा’. आणि ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका! कलाकार प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, तिघंच. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी महागाईवर, पाहुण्यांवर बोलायला लागले की आजी पोळी लाटता लाटता मध्येच उत्तर द्यायची, “अहो भावजी, आमच्याकडेही तेच!”

अशा गप्पा लिहायला आणि वाचायला केवढी तयारी लागते! चेहरा नाही, देखावा नाही. वहिनी रुसल्यात हे नुसत्या एका “बरं”वरून कळायला हवं, आणि ते कळायचं.

आजीचा रेडिओ आता माझ्याकडे आहे. काटा अजून तिथेच आहे.