नणंदेचं बाळंतपण आणि दहा प्रश्न

बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडते, हे आमच्या घरात कुणाला नवीन नव्हतं. माझंही तसंच झालं होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपसूक ओसरलं होतं. त्यामुळे बाळंतपणाला माहेरी आलेली नणंद बारशाच्या आधी हुंदके देत बसली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ओलं अंग आहे, होतं असं." खरंच होतं. मला खटकलं ते पुढचं, रडणं थांबल्यावरचं.

बाळ झोपलं तरी ती झोपायची नाही. एरवी तान्ह्या बाळाची आई इतकी दमलेली असते, की पडल्या पडल्या डोळा लागतो. हिला दुपारी बाळ आमच्याकडं घेऊन, खोलीत अंधार करून निजवलं तरी उघड्या डोळ्यांनी पंख्याकडं बघत पडायची. डिंकाचा लाडू ताटलीत तसाच. बाळाचं पाजणं, दुपटी बदलणं, सगळं वेळेवर करायची, पण त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, आमच्या गल्लीवरून जातात. लग्नाआधी ही सकाळपासून ओसरीवर जागा धरून बसायची म्हणे. यंदा खिडकीपर्यंतसुद्धा आली नाही. त्याच रात्री मला म्हणाली, "वहिनी, याला तुम्हीच ठेवून घ्या. माझ्याकडं हा नीट वाढायचा नाही."

घरात तर्क सुरूच होते. नजर लागली, दूध कमी पडतंय, आणि सगळ्यांत आवडता, "मुलगा झाला, नवरा चांगला, हिला कमी काय आहे?" जणू उदास व्हायला काही कमीच पडायला हवं! बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, वर झोपेचं खोबरं. सुखवस्तू घर बघून बाळंतपणानंतरचं नैराश्य, हा आजार, मागं फिरत नाही.

मोबाइलवर शोधताना मला हे नैराश्य ताडून बघायची 'एडिनबरा' प्रश्नावली सापडली. ती १९८७ सालची. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. १३ किंवा जास्त झाले तर नैराश्याची दाट शंका घ्यायची. निदान डॉक्टरच करणार. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटण्याबद्दल आहे. तो विचारताना माझी जीभ अडखळली. विचारल्यानं असला विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे, हे वाचलं होतं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "कधीतरी." या प्रश्नाला 'कधीच नाही'खेरीज दुसरं उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, थांबायचं नसतं. त्या दिवसापासून तिला एकटं ठेवलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या बिघाडानंही माणूस असंच गळून जातं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं चिठ्ठी दिली. सासूबाई रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होत्या, "सासरी कळलं तर?"

मानसोपचारतज्ज्ञांनी कानात आवाज येतात का, कुणी बाळाच्या वाईटावर आहे असं वाटतं का, हेही विचारलं. तसं असेल तर तो वेगळा, तातडीचा आजार. तिथं तास दोन तासही वाट बघायची नाही. हिला तसं काही नव्हतं. अंगावर पाजताना चालणारी गोळी दिली आणि गुण यायला काही आठवडे लागतील, असं आधीच बजावलं. ते बरं केलं, नाहीतर आठव्या दिवशी सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या असत्या. सोबत समुपदेशन. आणि रात्री सलग झोप हवी म्हणून एक पाळी माझी, एक सासूबाईंची. अपरात्री तिचा जीव घाबरला की १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन लावायचो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता ती बाळाशी बोलते, मधूनच चिडतेही. गोळ्या चालूच आहेत. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जावयांना मी सगळं सांगून टाकलं, कारण उद्या रात्रीची पाळी त्यांनाच करायचीय. सासूबाई शेजारी मात्र अजून "बीपीची गोळी आहे" म्हणतात. म्हणू देत.